शिकता शिकता शिकवावे



ठाणे, कल्याण, डोंबिवली म्हणजे नाना भाषांची वस्ती. लोकलच्या एका डब्यात तमिळ, मल्याळी, कन्नड, गुजराती, हिंदी सगळं कानी पडतं. तिथली एखादी ताई किंवा दादा शनिवारी सकाळच्या शाळेला आपल्या खेड्यात येऊन म्हणाला, "मी मुलांना गणित शिकवीन, पैसे नकोत. पण माझी मराठी अजून कच्ची आहे," तर त्याला वर्गात उभं करावं का?

पुष्कळ पालक म्हणतील, "ज्याला धड बोलता येत नाही तो आमच्या पोरांना काय शिकवणार?" ही काळजी खोटी नाही. शहरातल्या मुलाला शिकवणी असते. आपल्या मुलाला जे मिळायचं ते शाळेतच. तेव्हा वाचन, शुद्धलेखन, मराठीचा तास गुरुजी-बाईंकडेच राहावा, हे माझं स्पष्ट मत.

पण गणित, चित्रकला, खेळ यांत कच्ची भाषा फारशी आड येत नाही. उलट कधी उपयोगी पडते. ४७ हा आकडा पाहा. लिहिताना चार आधी, बोलताना सात आधी! तमिळ-कन्नडमध्ये चाळीस आधी, सात मागून. म्हणून नवशिका 'सत्तेचाळीस' म्हणताना अडखळतो. आपली पहिली-दुसरीची पोरंही तिथंच अडखळतात आणि ७४ लिहून बसतात. आपल्याला सवय झाली, म्हणून ही अडचण दिसत नाही. त्याला ती दिसते.

काका कालेलकर साताऱ्याचे, मराठी घरातले. साबरमती आश्रमाच्या शाळेत त्यांनी शिकवलं, आणि गुजराती अशी आपलीशी केली की गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. आपल्या ताराबाई मोडकांनीही आधी भावनगरला गुजराती मुलांत काम केलं. पुढे १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तिथून कोसबादला वारली मुलांत. (हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघरमध्ये आहे.)

मात्र येणाऱ्यानं दोन गोष्टी पाळाव्यात. पाठ आदल्या रात्री मोठ्यानं मराठीत बोलून पाहावा. आणि शब्द अडला तर मुलांनाच विचारावा, त्यात लाज कसली?

मुलांनो, तुम्ही हसू नका. आपल्याकडे कुणाच्या घरी आगरी बोलतात, कुणाच्या घरी वारली, कातकरी. बुकातली मराठी त्यांनाही शिकावीच लागते. तोंडातून घरचा शब्द निघाला की वर्ग हसतो, आणि ते पोर दुसऱ्या दिवसापासून बोलायचंच बंद होतं. समोरचा मोठा माणूस चुकतो, विचारतो, सुधारून पुन्हा बोलतो, हे त्यानं रोज पाहिलं तर त्यालाही धीर येईल. मला वाटतं, गणितापेक्षाही हा लाभ मोठा.

म्हणून असा पाहुणा आला तर नुसता चहा पाजून परत पाठवू नका. हाती खडू द्या. कुणाचं मत वेगळं असेल तर त्यांनी जरूर लिहून द्यावं, याच फलकावर लावू.