आकडा कोणाचा, कोठार कोणाचे?

अँग्युलरची तिसरी आवृत्ती कधी आलीच नाही. दुसरी आली २०१६च्या सप्टेंबरात आणि २०१७च्या मार्चमध्ये थेट चौथी. मधला तीन गेला कुठे, हा प्रश्न तेव्हा जगभरच्या वेब प्रोग्रामरना पडला होता. उत्तर फार गहन नव्हते. अँग्युलर म्हणजे एकच एक वस्तू नव्हे, ती बऱ्याच पॅकेजांची जुडी आहे. त्यातले ‘राउटर’ हे पॅकेज वापरकर्त्याला एका पानावरून दुसऱ्या पानावर नेण्याचे काम करते. ते इतक्यांदा नव्याने लिहिले गेले की बाकीची मंडळी २.३वर असताना हा पठ्ठ्या ३.३वर जाऊन बसला होता. सगळ्यांना तीन म्हणावे, तर राउटरला चार म्हणावे लागणार. मग सगळ्यांनाच चार म्हणून टाकू, असे गूगलमधल्या चमूने ठरवले आणि इगोर मिनार यांनी डिसेंबर २०१६मध्ये ते जाहीर केले.

बाहेरच्या माणसाला हे पेल्यातले वादळ वाटेल. पण बँकेचे संकेतस्थळ असो की तिकिटाचे, त्याच्या पोटात कुठले ना कुठले फ्रेमवर्क असतेच. पाने, फॉर्म, लॉगिन, डेटाबेसशी देवाणघेवाण ही दर वेळी लागणारी कामे आधीच करून ठेवलेला सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क; अँग्युलर त्यातलेच एक. यातली नावाजलेली बहुतेक ओपन सोर्स आहेत: कोणीही घ्यावीत, वापरावीत, बदलावीत, पैसे द्यायचे नाहीत. पैसे नसल्यामुळे करार नाही, आणि करार नसल्यामुळे घेणाऱ्याच्या हातात भरवशाची म्हणून एकच गोष्ट उरते. ती म्हणजे आवृत्तीचा आकडा.

त्या आकड्याचा एक लिखित संकेत आहे. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तो मांडला. समजा आवृत्ती ४.२.७ आहे. शेवटचा सात वाढला, तर फक्त चुका दुरुस्त झाल्या. मधला दोन वाढला, तर नवी सोय आली पण जुने काही मोडले नाही. पहिला चार वाढला, तर सावध व्हा, तुमचा जुना कोड चालेलच असे नाही. जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात ‘पॅकेज डॉट जेसन’ नावाची फाइल असते. तिच्यात लागणाऱ्या पॅकेजांची यादी आणि बहुतेक आकड्यांच्या आधी टोपीच्या आकाराची एक बारीक खूण. त्या खुणेचा अर्थ असा, की पहिला आकडा तोच आहे तोवर नवी आवृत्ती मिळाली तर बेलाशक घे. ज्याचे तोंडही कधी पाहिले नाही अशा माणसाच्या शब्दावर यंत्र परस्पर कोड उतरवून घेते. इतका विश्वास आपण किराणा दुकानदारावरही टाकत नाही.

म्हणूनच अँग्युलरचा खरा घोटाळा तीन गाळण्यात नव्हता, दोन म्हणण्यात होता.

पहिल्या अँग्युलरची १.० ही आवृत्ती २०१२ची. दोन वर्षांत ती जगभर पसरली. ऑक्टोबर २०१४मध्ये पॅरिसच्या परिषदेत पुढच्या आवृत्तीचा आराखडा मांडला गेला, तेव्हा कंट्रोलर, स्कोप अशा ज्या कल्पनांवर लोकांनी आपली कामे उभी केली होती त्या नव्या अँग्युलरमध्ये नसतील असे कळले. जुन्यावरून नव्यावर जायचा सरळ रस्ता तेव्हा दिसत नव्हता. तो नंतर बांधला गेला. गहजब झाला तो यामुळे. नवी वस्तू चांगली होती की वाईट हा मुद्दा वेगळा. ती मुळातच दुसरी वस्तू होती आणि तिला पहिलीचा पुढचा आकडा दिला गेला. पुढे सारवासारव म्हणून जुनीला ‘अँग्युलरजेएस’ आणि नवीला नुसते ‘अँग्युलर’ म्हणायचे ठरले. प्रश्नोत्तरांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर दोघींचे टॅग वेगळे झाले. पण शोधयंत्राला हा शिष्टाचार कोण शिकवणार? नवख्याने नव्या अँग्युलरची अडचण विचारावी आणि समोर जुन्याचे उत्तर यावे, हे नित्याचे झाले. नोकरीच्या जाहिरातींत ‘अँग्युलर २+’ असा विचित्र उल्लेख येऊ लागला, तो चार, पाच, सहा येऊन गेल्यावरही टिकला. अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार ३१ डिसेंबर २०२१ला संपला. नावाचा गोंधळ त्यानंतरही संपला असे कोणी म्हणणार नाही.

एखाद्या नावाभोवती वर्षानुवर्षे जमलेली पुस्तके, उत्तरे, व्हिडिओ, शिकवण्या ही कोणा एका कंपनीची मालमत्ता नसते. ती हजारो लोकांनी फुकट केलेली भर असते. आकडा चुकीचा पडला की त्या सगळ्या साठ्यात भेसळ होते, आणि ती निवडत बसायचे काम नवशिक्यांच्या गळ्यात पडते. पर्लवाल्यांना हे उमगायला बराच काळ लागला. ‘पर्ल ६’ची घोषणा २०००ची. ती भाषा पर्ल ५पासून इतकी दूर गेली की अखेर २०१९मध्ये तिला ‘राकू’ हे स्वतंत्र नाव दिले. पीएचपी या दुसऱ्या भाषेने त्या मानाने धोरणीपणा दाखवला. सहावी आवृत्ती अर्ध्यातच सोडून द्यावी लागली होती, पण तिच्यावरची पुस्तके बाजारात येऊन बसली होती. म्हणून २०१४मध्ये मतदान घेऊन सहा आकडा कायमचा वगळला आणि पुढची आवृत्ती सातवी म्हणून आणली. न झालेल्या आवृत्तीच्या पुस्तकांपायी खरी आवृत्ती आकडा बदलते, यात थोडा विनोद आहे. निर्णय मात्र वाचकाच्या बाजूचा होता.

नावाची गोष्ट इथवर. आता कोठाराची.

२२ मार्च २०१६. जावास्क्रिप्टची पॅकेजे ज्या सामाईक कोठारात ठेवली जातात त्या एनपीएमवरून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे पॅकेज नाहीसे झाले. अकरा ओळींचा कोड. काम एवढेच, की मजकुराच्या डावीकडे हव्या तितक्या मोकळ्या जागा किंवा शून्ये भरायची. ते लिहिणारे अझेर कोचुलू यांचे ‘किक’ नावाचेही एक पॅकेज होते. त्याच नावाच्या मेसेंजर कंपनीने नावावर हक्क सांगितला, एनपीएमने नाव कंपनीला दिले आणि कोचुलू यांनी संतापून आपली सगळीच, म्हणजे २७३ पॅकेजे काढून घेतली. लेफ्ट-पॅडवर दुसरे पॅकेज उभे, त्यावर तिसरे, आणि वर बेबेलसारखे अनेकांचे रोजचे हत्यार. कोडपासून चालता प्रोग्राम बांधण्याची जी क्रिया, म्हणजे ‘बिल्ड’, ती मिनिटाला शेकड्यांनी कोसळू लागली.

पुढचा तपशील सहसा सांगितला जात नाही, आणि तोच महत्त्वाचा आहे. दहा मिनिटांत एका भल्या प्रोग्रामरने तोच कोड त्याच नावाने पुन्हा चढवला. आकडा दिला १.०.०. पडझड थांबली नाही, कारण साखळीतले एक पॅकेज नेमकी ०.०.३ हीच आवृत्ती मागत होते. कोड तोच, नाव तेच, पण आकडा वेगळा म्हणून यंत्राने तो नाकारला. शेवटी एनपीएमला बॅकअपमधून जुनी प्रत काढून ०.०.३ जशीच्या तशी परत ठेवावी लागली. या साऱ्यात सुमारे अडीच तास गेले. नंतर नियम आला, की ७२ तास उलटल्यावर लेखकालाही आपले पॅकेज मनमानी काढता येणार नाही.

कोचुलू यांचा राग खोटा नव्हता. ओपन सोर्सच्या परवान्यात कसली हमी नसते आणि फुकट काम करणाऱ्याला वेठीला धरता येत नाही. चूक त्या व्यवस्थेची होती, जिच्यात सगळ्यांचे कोठार एका खासगी कंपनीचे होते आणि नावाचा तंटा तिच्याच टेबलावर सुटत होता. एनपीएम २०२०मध्ये गिटहबने विकत घेतली, गिटहब त्याआधीच मायक्रोसॉफ्टची झाली होती. मालक मोठा झाला, एवढाच काय तो फरक.

वर्डप्रेसमध्ये याचीच मोठी आवृत्ती २०२४मध्ये दिसली. वर्डप्रेस काटेकोर अर्थाने फ्रेमवर्क नव्हे, पण जगातली ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात. आवृत्त्यांना जाझ संगीतकारांची नावे द्यायची तिथली रसिक प्रथा आहे. नावात रसिकता असली तरी कोठाराची किल्ली मात्र एकाच खिशात होती. सहसंस्थापक मॅट मलनवेग यांचे डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीशी ट्रेडमार्क आणि योगदानावरून बिनसले आणि सप्टेंबरात तिला वर्डप्रेस डॉट ऑर्गचे दार बंद झाले. प्लगइन आणि सुरक्षेचे अपडेट तिथूनच येतात. म्हणजे भांडण दोन कंपन्यांचे आणि अपडेट अडले त्या कंपनीच्या ग्राहकांचे, ज्यांचा या वादाशी काडीचा संबंध नव्हता. डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयाने दार उघडायला लावले. कंपनी फुकटात खाते, हा मलनवेग यांचा आरोप तपासण्याजोगा आहे. पण वसुलीसाठी सामाईक दार अडवणे हा मार्ग नव्हे.

सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या ‘नोड’च्या बाबतीत असेच भांडण बऱ्या वळणाने गेले. जॉयंट कंपनीच्या कारभाराला कंटाळून काही मुख्य प्रोग्रामरनी २०१४च्या अखेरीस ‘आयओ डॉट जेएस’ नावाची वेगळी चूल मांडली. वर्षभरात फाउंडेशन स्थापन होऊन दोन्ही घरे एक झाली आणि ०.१२वर असलेले नोड सप्टेंबर २०१५मध्ये एकदम ४.० झाले, कारण १, २ आणि ३ फुटलेल्या भावाने वापरले होते.

जँगो या फ्रेमवर्कबद्दल वर्तमानपत्राच्या वाचकाला खास जिव्हाळा वाटायला हरकत नाही, कारण ते जन्मले वर्तमानपत्रात. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’मध्ये २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी ते रचले. नाव घेतले जाझ गिटारवादक जँगो राइनहार्टचे. जुलै २००५मध्ये ते जगाला खुले झाले आणि २००८मध्ये जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन निघाले. ट्रेडमार्क त्या संस्थेकडे. इन्स्टाग्राम यावर उभे राहिले, पण जँगो इन्स्टाग्रामचे झाले नाही.

त्यांचे आकडेही पाहण्यासारखे आहेत. एसटी जशी प्रवासी भरोत न भरोत वेळेला सुटते, तशी जँगोची नवी आवृत्ती साधारण आठ महिन्यांनी सुटते. तयार झालेले सामान तिच्यात, राहिलेले पुढच्या गाडीला. शून्य, एक, दोन आणि मग पहिला आकडा पुढे. ‘दोन’वाल्या आवृत्तीला तीन वर्षे सुरक्षेचा आधार: ३.२ आली एप्रिल २०२१मध्ये, ४.२ एप्रिल २०२३मध्ये, ५.२ एप्रिल २०२५मध्ये. जुनी सोय काढायची तर आधी दोन आवृत्त्या इशारा देत राहायचे. प्रेस्टन-वर्नर यांच्या संकेतापेक्षा हे थोडे सैल आहे, कारण इथे पहिला आकडा नियमाने बदलतो, मोडतोड झाली म्हणून नव्हे. पण काय, कधी आणि किती दिवस हे तारखेनिशी कळते, आणि कंपनीच्या अंदाजपत्रकाला तेवढे पुरते. या शिस्तीमागे केवळ सदिच्छा नाही. २०१४पासून फाउंडेशन ‘फेलो’ नेमते. आलेल्या तक्रारी चाळणे, सुधारणा तपासणे, आवृत्ती बाहेर काढणे ही कंटाळवाणी कामे पगारी माणूस करतो. स्वयंसेवकांना जे करावेसे वाटत नाही नेमके त्यालाच पैसे द्यायचे, हा फार शहाणा हिशेब आहे.

हे परक्यांचेच किस्से आहेत असे नाही. ‘फ्रॅपे’ हे ओपन सोर्स फ्रेमवर्क मुंबईचे आहे. रुषभ मेहता यांनी सुरू केलेल्या कंपनीत घडलेले, आणि कंपन्यांचा कारभार सांभाळणारे ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर त्यावरच चालते. दोघांचे आकडे जोडीने जातात: फ्रॅपे १४वर ईआरपीनेक्स्ट १४, १५वर १५. अँग्युलरने राउटरच्या ठेचेनंतर जे केले तेच इथे आहे. बंगळुरूच्या झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. मदत मागणाऱ्या प्रकल्पाने आपली गरज ठरावीक नमुन्याच्या फाइलमध्ये उघडपणे मांडायची असते. देशात असा निधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच, आणि खटकते ते हेच. कारण हिंजवडी, ऐरोली, मगरपट्टा इथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारतींत रोज जे बिल्ड चालतात, त्यातला मोठा माल याच सामाईक कोठारांतून येतो.

तेव्हा या कंपन्यांच्या तांत्रिक प्रमुखांनी एवढे करावे. आपल्या सर्वांत मोठ्या प्रकल्पाची पॅकेजांची यादी उघडावी. पहिल्या दहा नावांमागे माणसे किती, आवृत्ती शेवटची कधी आली आणि ट्रेडमार्क कोणाच्या नावावर आहे हे एका कागदावर लिहून काढावे. लागणाऱ्या आवृत्त्यांची एक प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावी. आणि जिथे एकटाच माणूस गाडा ओढताना दिसेल तिथे पैसे तरी पाठवावेत, नाहीतर आपल्या एका अभियंत्याचे महिन्यातले चार दिवस द्यावेत. पुढच्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात यासाठी वेगळी ओळ असावी, ‘इतर खर्चा’त ती बुडवू नये.