रंकाळ्याकाठचे दोन कॅमेरे

लग्नसराई तोंडावर आली की रंकाळ्याच्या काठी सकाळी फिरायला जाणाऱ्यांना हल्ली एक दृश्य हमखास दिसते. संध्यामठ पाठीमागे यावा अशा बेताने एक तरुण आणि एक तरुणी उभी असतात. तरुणीच्या झग्याचा घोळ चार-पाच हात मागे पसरलेला असतो आणि तो उचलून वाऱ्यावर सोडण्यासाठी एक मदतनीस नेमलेला असतो. "माझ्याकडे पाहू नका, एकमेकांकडे पाहा, काहीतरी बोला, हसा," असे छायाचित्रकार सांगतो. दोघे हसतात. घोळ नीट उडालेला नसतो, म्हणून पुन्हा हसतात. या प्रकाराला 'कँडिड' म्हणतात, म्हणजे माणूस बेसावध असताना टिपलेले छायाचित्र. सहाव्या खेपेला बेसावध होणे ही कला सोपी नाही आणि आपल्या मध्यमवर्गीय मुलामुलींनी ती ज्या चिकाटीने साध्य केली आहे, तिचे कौतुकच करावयास हवे.

त्याच तळ्याच्या काठी, त्याच दिवशी संध्याकाळी, दुसरा एक कॅमेरा निघतो. बाकावर एक जोडपे बसलेले असते. त्यांनी कोणाला पैसे दिलेले नसतात, कोणी त्यांना हसा म्हणून सांगितलेले नसते. पाठीमागून कोणीतरी मोबाइल उंचावतो आणि निघून जातो. खऱ्या अर्थाने 'कँडिड' म्हणावे असे छायाचित्र हेच. पहिले चित्र मांडवात मोठ्या पडद्यावर दाखवले जाते आणि आत्या-मावश्या ते डोळे भरून पाहतात. दुसरे व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरत फिरत एखाद्या मामाच्या हाती पडते आणि मुलीचे कॉलेज सुटते. दोन्ही चित्रांतील माणसांच्या अंतरात म्हणाल तर फारसा फरक नसतो. बहुधा पहिल्यातलीच अधिक जवळ असतात.

आपल्या समाजाला जवळीक खुपते असे आपण समजतो. वस्तुतः जवळीक खुपत नाही, खुपते ती परवानगीवाचूनची जवळीक. थोरल्यांनी संमती दिली आणि खर्चाची तरतूद झाली की तीच जवळीक सोहळा ठरते. हा दुटप्पीपणा एकवेळ हसून सोडून देता आला असता. परंतु त्याचे मोल द्यावे लागते ते बाकावरच्या दोघांना, आणि त्यांतही मुलीला.

कोल्हापूरला कॅमेरा नवा नाही. १९१८ साली बाबूराव पेंटरांनी याच गावात देशी बनावटीचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. पुढे फोटो स्टुडिओंतूनही तशाच रंगवलेल्या पडद्यांपुढे जोडपी उभी राहिली. पडद्यावर बाग, कारंजे, एखादा कमानदार सज्जा. खुर्चीवर नवरा, बाजूला पदर सावरून उभी असलेली बायको, दोघांची नजर समोर आणि दोघांमध्ये वीतभर अंतर. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजी-आजोबांचे असे चित्र भिंतीवर असेल. त्या काळी निसर्ग पडद्यावर काढून खोलीत आणावा लागे; आता जोडपेच पन्हाळ्याला जाते आणि गडाचाच पडदा करते. तीन दरवाजा, सज्जा कोठी, तबक उद्यान ही सारी ठिकाणे या कामी राबत आहेत. एवढा पालट झाला तरी एक गोष्ट तशीच राहिली: समोर कॅमेरा आहे हे त्या जोडप्यालाही ठाऊक होते आणि या जोडप्यालाही ठाऊक आहे.

या 'प्री-वेडिंग' प्रकाराविरुद्ध अलीकडे बरीच ओरड चालू आहे. २०२५ साली हुंड्यापायी गेलेल्या एका बळीने महाराष्ट्र हादरल्यावर मराठा समाजातील काही मंडळींनी लग्नांसाठी आचारसंहिता मांडली. तीत डीजे आणि बडेजाव यांच्याबरोबर या छायाचित्रणावरही काट मारली गेली. त्याआधी भोपाळमध्ये काही समाजांनी असेच ठराव केले होते. खर्चाचा मुद्दा रास्तच आहे. शिक्षकाने किंवा कारकुनाने भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढायची आणि ती रंगीत धुरात सोडून द्यायची, यात शहाणपण नाही, आणि शेजाऱ्याने केले म्हणून आपणही करणे यात तर मुळीच नाही. मात्र अशा ठरावांत काटकसरीच्या पदराआड दुसरेच काही दडलेले असते. लग्नाआधी मुलीने मुलाच्या खांद्यावर डोके ठेवलेले दिसू नये, ही ती धास्ती. खर्चाची चिंता आणि मुलीची चिंता एकाच कलमात बांधली की पहिलीला विरोध करणे अवघड होते आणि दुसरी तिच्यासोबत फुकट पार पडते.

निसर्गाचा आक्षेप मला अधिक जड वाटतो, आणि तो फारसा कोणी घेत नाही. राधानगरी अभयारण्य आणि साताऱ्याचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आले. पन्हाळ्याशेजारचे मसाई पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. जांभ्याच्या खडकावर बोटभर मातीत पावसाळ्यानंतर गेंद, सीतेची आसवे, सोनकी फुलते. यांतील बहुतेक रोपे एका हंगामाची असतात. बी धरण्याआधी तुडवली गेली की पुढच्या वर्षी त्या जागी खडक दिसतो. फुलांच्या मध्यभागी लोळून काढलेल्या चित्राची ही किंमत छायाचित्रकाराच्या बिलात कोठेच लिहिलेली नसते. वनखात्याने येथे कडक व्हावे. त्यासाठी संस्कृतीचा हवाला देण्याची काहीच गरज नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण खरी गोम तेथे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा पहिला मालक सामान्यतः ते काढणारा असतो. परंतु मोबदला देऊन कोणी ते काढवून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास ज्याच्या सांगण्यावरून ते काढले तो मालक ठरतो. म्हणजे सकाळच्या जोडप्याचा त्यांच्या चित्रावर हक्क आहे. (पैसे आणि हुकूम दोन्ही वधुपित्याचे असतील तर कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ही गंमत निराळी.) छायाचित्रकार स्वतःच्या जाहिरातीसाठी तीच चित्रे इन्स्टाग्रामवर टाकतो आणि पुष्कळदा विचारतही नाही, याकडे या मंडळींनी लक्ष द्यावे. पण निदान जाब विचारायला त्यांना आधार आहे.

संध्याकाळच्या जोडप्याला काय आहे? भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिचे ७७ वे कलम स्त्रीचे खाजगी कृत्य चोरून पाहणे अथवा त्याचे चित्रण करणे हा गुन्हा मानते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई शरीराच्या खाजगी भागांच्या चित्रणापुरते आहे. सार्वजनिक बाकावर, अंगभर कपड्यांत, हातात हात घेऊन बसलेली मुलगी या दोहोंच्याही कक्षेत सहसा येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आणि माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा हा हक्क नाहीसा होत नाही, हेही त्या निकालात आले. तथापि घटनापीठाचे वचन आणि मोबाइल उंचावलेला हात यांच्यामध्ये जो साधा, रोजच्या वापराचा कायदा हवा, तो अद्याप नाही. पैसे देणाऱ्याला मालकी, न देणाऱ्याला काहीच नाही, अशी ही अवस्था आहे.

उलट, जोडप्याविरुद्ध कलमांची वाण नाही. मुंबईत ऑगस्ट २०१५ मध्ये मढ आणि अक्सा येथील हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी सुमारे ४० जोडपी पकडली. खोलीच्या बंद दाराआडच्या सज्ञान माणसांवर पोलीस कायद्याचे ११० वे कलम, म्हणजे सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचे कलम, लावण्यात आले! पोलिसांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. निर्जन जागी जोडप्यांना गाठून लुबाडणारे, मुलींची छेड काढणारे असतात आणि मुलींच्या रक्षणासाठी नेमलेल्या पथकांचा त्यांना धाक बसला तर ते हवेच आहे. पण रक्षण करता करता जिचे रक्षण करायचे तिलाच गाडीत बसवून पालकांपुढे उभे करणे हे कोणत्या कामात मोडते? डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सुरक्षा जवानाची बडतर्फी कायम केली. बडोद्याच्या एका वसाहतीत २००१ साली रात्रपाळीवर असताना त्याने मोटारसायकलवरून जाणारे जोडपे अडवून छळले होते. पोलिसानेदेखील नीतिरक्षण करावयाचे नसते, हा जवान तर पोलीसही नव्हता, असे न्यायालयाने त्या वेळी सुनावले.

आम्हा वृत्तपत्रांत लिहिणाऱ्यांनीही येथे मान खाली घालावी. 'युगुलांचे चाळे', 'प्रेमवीरांना दणका' ही मथळ्यांची भाषा आमचीच. चेहरा पुसट करून, पाठीमागून घेतलेले चित्र छापले की आपली जबाबदारी संपली असे आम्ही मानतो. ओढणीचा रंग आणि गाडीचा क्रमांक ओळखायला घरच्यांना चेहरा लागत नाही.

ही मुले बाहेर का बसतात, हा प्रश्न विचारला तर उत्तर फार लांब शोधावे लागणार नाही. पेठांतील दोन खोल्यांचे घर, वसतिगृहाचे साडेसातचे दार, खेड्यातून येणारी शेवटची एसटी. ज्यांच्याकडे मोटार आहे आणि हॉटेलाचे भाडे आहे त्यांची छायाचित्रे कोणी काढीत नाही. आपल्या आई-वडिलांच्या पिढीतील नवविवाहितांनाही भरल्या घरात दोन शब्द बोलायला जागा नसे. संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन येतो म्हणावे, तर सोबतीला धाकटी नणंद दिली जाई. तिला भेळेची पुडी घेऊन देऊन चार पावले पुढे पाठवण्याची युक्ती ज्यांनी केली, तेच आज बाकावरच्या जोडप्याकडे पाहून चुकचुकतात.

कोणी म्हणेल, एका फोटोवरून एवढे काय? याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय विवाहांना कायद्याची मान्यता दिली. त्याच कोल्हापुरात डिसेंबर २०१५ मध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या एका तरुण दांपत्याचा खून मुलीच्या सख्ख्या भावांनी केला. जोडप्याचे चित्र घरी पोहोचवणाऱ्याला पुढे काय घडेल हे ठाऊक नसते आणि तो ते जाणून घेण्यासाठी थांबतही नाही. त्याच्या दृष्टीने ती दोन मिनिटांची करमणूक असते.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश झाला आणि त्यांत पन्हाळा आला. आता तेथे गर्दी वाढेल, फलक लागतील, नव्या नियमावल्या होतील. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत चित्रीकरणासाठी परवाना घेण्याची तरतूद १९५९ च्या नियमांपासून आहे. तिचा काच आजवर झग्याचा घोळ उडवणाऱ्यांनाच काय तो बसला असेल. त्याच फलकावर आणखी एक ओळ घालता येईल: कोणाचेही छायाचित्र त्याच्या संमतीवाचून काढू नये आणि काढल्यास तक्रार येथे करावी. खाली चौकीचा दूरध्वनी क्रमांक द्यावा. रंकाळ्यावर तसाच फलक महापालिकेने लावावा. आणि पथकातील शिपायाने जोडप्याचे नाव विचारण्याआधी मोबाइल उंचावणाऱ्याचे विचारावे, एवढी एक सूचना पोलीस अधीक्षकांच्या सहीने निघाली, तर तिला नव्या कायद्याचीही वाट पाहावी लागणार नाही.