मदतीची किंमत विचारणारा चित्रपट

लोकप्रिय अ‍ॅनिमे मालिकेवरचा चित्रपट म्हटला की जाणकार प्रेक्षक आधी सावध होतो. बऱ्याचदा मालिकेचेच भाग कापून-जोडून पडद्यावर आणलेले असतात. नाहीतर एखादी आडवळणाची मोहीम असते आणि ती संपली की सगळी पात्रं जिथे होती तिथेच परत येतात. जून २०१९ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झालेला ‘रास्कल डज नॉट ड्रीम ऑफ अ ड्रीमिंग गर्ल’ या दोन्ही वाटा टाळतो. मालिकेने नायकाला जे फुकट करू दिलं, त्याचा हिशेब हा चित्रपट जेमतेम दीड तासात मागतो. म्हणूनच तो पाहिल्यावर आधीची मालिकाही वेगळी दिसू लागते.

हाजिमे कामोशिदा यांच्या कादंबऱ्यांची ही मालिका २०१४ मध्ये सुरू झाली. क्लोव्हरवर्क्स स्टुडिओने २०१८ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात तिचे १३ भाग केले. दिग्दर्शक सोइची मासुई. कथा घडते टोकियोच्या दक्षिणेला, फुजिसावा आणि एनोशिमाच्या किनाऱ्यावर. इथे वयात येणाऱ्या मुलामुलींच्या मनातली घुसमट थेट वास्तवालाच वाकवते; कथेत याला ‘वयात येण्याचा आजार’ म्हटलं जातं. सगळ्यांनी दुर्लक्ष केलेली अभिनेत्री माई साकुराजिमा लोकांना दिसेनाशी होते. मैत्रिणींत एकटं पडायच्या भीतीने तोमोए कोगाचा एकच दिवस पुन्हा पुन्हा उगवतो. स्वतःचा तिरस्कार करणाऱ्या रिओ फुताबाची दोन रूपं होतात. प्रत्येक वेळी साकुता आझुसागावा हा शाळकरी मुलगा मधे पडतो, हट्टाने त्यांच्या बाजूने उभा राहतो आणि गाठ सुटते.

एक गाठ मात्र मालिकेने तशीच ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी, बहिणीच्या वाट्याला आलेल्या छळामुळे आणि घर विस्कटल्यामुळे कोलमडलेल्या साकुताला समुद्रकिनारी शोको माकिनोहारा नावाची मोठी मुलगी भेटली होती. तिच्या शब्दांनी तो सावरला. तिच्यासाठीच त्याने शाळा निवडली, तर त्या शाळेत अशी कुणी मुलगीच नव्हती. पुढे त्याला शोको भेटते ती माध्यमिक शाळेतली, आजारी. साकुताच्या छातीवरच्या जखमेच्या व्रणांचा उलगडाही मालिकेत होत नाही.

चित्रपट हे सगळे धागे एकत्र ओढतो. (ज्यांना कथा आधी कळायला नको, त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडावा.) लहान शोकोला गंभीर हृदयविकार आहे, प्रत्यारोपण झालं नाही तर ती मोठी होणार नाही. मोठी शोको आली आहे ती भविष्यातून, आणि तिच्या छातीत धडधडणारं हृदय साकुताचं आहे. २४ डिसेंबरच्या बर्फात साकुताला गाडीची धडक बसणार, तो मेंदूमृत होणार आणि त्याचं हृदय तिला मिळणार. तो वाचला, तर ती जगणार नाही. साकुताला दोघीही हव्या आहेत, माईही आणि शोकोही. आजवर प्रत्येकाला वाचवणाऱ्या या मुलासमोर पहिल्यांदाच असा प्रश्न येतो, ज्याचं कोणतंही उत्तर कुणाचा तरी जीव घेतं.

इथून चित्रपट मालिका उलटी करून दाखवतो. त्या संध्याकाळी साकुताला ढकलून माई स्वतः गाडीखाली येते. तिला परत आणण्यासाठी तो भूतकाळात जातो, तेव्हा कुणालाच दिसत नाही. पहिल्या भागात सशाच्या वेषात ग्रंथालयातून फिरणारी, कुणालाही न दिसणारी माई आठवावी. आता सशाच्या वेषात साकुता आहे. मदत करणाऱ्याला आज मदतीची गरज आहे, आणि त्याला ओळखते ती कोगा, जिच्यासाठी तो कधीकाळी धावला होता. मालिकेत केलेलं काहीच वाया गेलेलं नाही, हे इथे कुठल्याही भाषणाशिवाय कळतं.

हृदयासाठीची शोकोची प्रतीक्षा ही लेखकाने रडवण्यासाठी योजलेली युक्ती मानू नये. जपानमध्ये ऑगस्ट १९६८ मध्ये साप्पोरोत पहिलं हृदय प्रत्यारोपण झालं. (त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हा प्रयत्न केला होता.) साप्पोरोतल्या शस्त्रक्रियेवर इतका वाद झाला, दाता खरंच मृत होता का असे प्रश्न उठले, की पुढचं हृदय प्रत्यारोपण व्हायला १९९९ उजाडलं. अवयवदानाचा कायदा १९९७ मध्ये आला, पण १५ वर्षांखालच्या मुलांचे अवयव घेण्याची मुभा २०१० पर्यंत नव्हती. लहान मुलांसाठी निधी गोळा करून त्यांना परदेशी नेण्याची वेळ अनेक कुटुंबांवर आली. जपानमधलं दात्यांचं प्रमाण आजही फार कमी आहे. आपल्या मुलीसाठी हृदयाची वाट पाहणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी मृत्यू होण्याची वाट पाहणं, ही त्या पालकांची कोंडी चित्रपट एका शाळकरी मुलाच्या अंगावर घालतो. ‘वयात येण्याचा आजार’ या कल्पनेला इथे पहिल्यांदा रुग्णालयाचा वास येतो.

चित्रपटात उणिवा आहेत. कादंबरीचे दोन खंड दीड तासात कोंबल्यामुळे फुताबाच्या पुंजभौतिकीच्या स्पष्टीकरणांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. काळाच्या उड्यांचा हिशेब पहिल्या खेपेला लागत नाही. शेवट हळवा आहे, आणि इतक्या कठोर प्रश्नाला तो थोडं जास्त दयाळू उत्तर देतो. तरीही चित्रपट दुःखाला पळवाट देत नाही. माई गेल्यानंतरची दृश्यं, त्यातला साकुताचा सुन्नपणा आणि त्याला आवाज देणाऱ्या कायतो इशिकावा यांचा आक्रोश, हे अ‍ॅनिमेत शोकाचं जे चित्रण झालं आहे त्यातलं उत्तम काम आहे.

तुलनेसाठी ‘डीमन स्लेयर: मुगेन ट्रेन’ घ्यावा. २०२० मध्ये त्याने ‘स्पिरिटेड अवे’चा जपानमधला कमाईचा विक्रम मोडला. तोही मालिकेपुढची कथा सांगतो, आणि देखण्या ताकदीने सांगतो. पण मागच्या भागांचा अर्थ तो बदलत नाही. ‘ड्रीमिंग गर्ल’ बदलतो. २०२३ मध्ये याच कथेचे आणखी दोन चित्रपट आले. ते चांगले आहेत, पण या उंचीला पोहोचत नाहीत.

सशाच्या पोशाखातल्या मुलीचं चित्र आणि विचित्र नाव पाहून अनेकांनी ही मालिका बाजूला सारली असेल. त्यांनी तो ग्रह सोडावा. मात्र थेट चित्रपटाला हात घालू नये: आधी १३ भाग क्रमाने पाहावेत, बहीण काएदेची कथा संपते ते शेवटचे भाग तर अजिबात चुकवू नयेत, आणि मगच चित्रपट लावावा.