नंबर विचारू नका, नोंद वाचा

निकाल लागला की गावात जो भेटेल तो विचारतो, "कितवा नंबर आला गं?" पालकहो, आमच्या प्रगतीपुस्तकात नंबर नसतोच. श्रेणी असते. शासनाने २०१० साली ही पद्धत आणली.

१०० पैकी ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, असे ते खाली खाली जाते. आता बघा हं. ७१ वाला आणि ८० वाला दोघेही ब-१. पण ८० वाला आणि ८१ वाला यांच्यात एकच गुण कमीजास्त, तरी एकाला ब आणि दुसऱ्याला अ. घरी मात्र अ वाल्याला पेढा अन् ब वाल्याला बोलणी! मला हे बरोबर वाटत नाही.

दुसरे असे, की पेपरात सगळे पुस्तक विचारत नाहीत. थोडेच प्रश्न असतात. डेअरीवर दुधाची फॅट बघतात तेव्हा कॅनमधले थोडेसेच दूध घेतात, पण आधी चांगले ढवळतात. नाही ढवळले तर वरची साय येते आणि फॅट खोटी लागते. पेपरचेही तसेच आहे. म्हणून तिसरी-चौथीला लेखी-तोंडी परीक्षेचे, म्हणजे संकलितचे, ४० गुण धरले आणि वर्षभराच्या कामाचे, म्हणजे आकारिकचे, ६०. त्यात तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या हे सगळे येते. गुरुजी आम्हाला रोज बघतात, तेही त्यात धरतात. काही पोरं म्हणतात, गुरुजी उगाच वहीत लिहीत बसतात. उगाच नाही लिहीत!

गणितात दोघींना ब-१ मिळाला असे समजा. एकीला भागाकार जमत नाही. दुसरीला भागाकार जमतो, पण शाब्दिक उदाहरण वाचून कळत नाही. अक्षर एकच, पण अडते वेगळ्या ठिकाणी. ते श्रेणीत दिसत नाही. ते "सुधारणा आवश्यक" असे लिहिलेले असते ना, तिथे दिसते. ती जागा कोणीच वाचत नाही.

आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला दुसऱ्या गावी चालत जावे लागते. काही घरी पोरीचे प्रगतीपुस्तक बघतात आणि म्हणतात, "अ नाही, मग कशाला पाठवायची? शेळ्या तरी राखील." पोराला ब असला तरी पाठवतात. भागाकार तर महिनाभरात शिकता येतो. तेवढ्यासाठी शाळा कशी काय बंद करायची?

निकालाच्या दिवशी ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मला हाक मारावी. मी नोंद वाचून दाखवीन. माझ्या आईलाही मीच वाचून दाखवते. काही कळले नाही तर गुरुजी तिथेच असतात, त्यांना विचारू.

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी