रिकाम्या खुर्च्या आणि अभिमत दर्जा

सरकारी कलामहाविद्यालयातील विद्यार्थ्याला आपल्या संस्थेविषयी विचारले, तर तो बहुधा एका दमात दोन गोष्टी सांगतो. येथे प्रवेश मिळाला नसता तर चित्रकला शिकणेच शक्य झाले नसते, ही पहिली. येथे शिकवायला पुरेशी माणसे नाहीत, ही दुसरी. राज्यकर्त्यांनी यातील दुसरी गोष्ट तेवढी ऐकली आणि तीही सोयीस्करपणे.

मुंबईचे सर ज. जी. कलामहाविद्यालय हे याचे ठळक उदाहरण होय. जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली ही संस्था उभी राहिली. पुढे ती सरकारी झाली आणि १९६५ पासून कला संचालनालयाच्या अखत्यारीत आली. तेथील अध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली. कंत्राटी व तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर वर्ग कसेबसे चालले. एवढी दुरवस्था होऊ दिल्यावर त्याच दुरवस्थेचा दाखला देऊन सांगण्यात आले की, सरकारी चौकटीत ही संस्था जगू शकत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कला, उपयोजित कला व वास्तुकला अशा तिन्ही संस्थांना मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा देण्यात आला. स्वतंत्र राज्य विद्यापीठाची मागणी बाजूला पडली. म्हणजे शेतीचे पाणी तोडायचे आणि पीक वाळले म्हणून जमीनच दुसऱ्याच्या हवाली करायची!

अभ्यासक्रमाचे स्वातंत्र्य मिळेल, हा दर्जाच्या समर्थकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. संचालनालयाची कागदी नोकरशाही नवा विषय सुरू करू देत नाही, ही तक्रार जुनी व खरी आहे. विद्यार्थ्यांनाही संस्थेचे आंधळे प्रेम नसते. फ्रान्सिस न्यूटन सोझा यांना १९४५ साली काढून टाकणारी संस्था हीच, हे ते जाणतात. परंतु स्वायत्तता आणि शासनाची जबाबदारीतून सुटका या दोन भिन्न गोष्टी आहेत.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा मुद्दा पुढे येतो. बॉमोल व बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली नाट्य-संगीतादी कलांविषयी दाखवून दिले की, यंत्रामुळे कारखान्यात दरडोई उत्पादन वाढते, तसे या क्षेत्रात वाढत नाही. वेतन मात्र काळाबरोबर वाढणारच. चित्रशाळेचेही तसेच आहे. मॉडेलसमोर बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या फळ्यामागे शिक्षकाने उभे राहून रेषा दुरुस्त करावी लागते. वीस विद्यार्थ्यांच्या जागी ऐंशी बसविले तर कार्यक्षमता चौपट होत नाही, शिकवणे बंद पडते. हा वाढता खर्च कोणी तरी सोसलाच पाहिजे. सरकार सोसणार नसेल, तर तो शुल्काच्या रूपाने विद्यार्थ्यावर येईल, ही त्याची भीती म्हणूनच निराधार म्हणता येत नाही.

शुल्क हा तर त्याच्या खर्चाचा एकच भाग आहे. रंग, कॅनव्हास, कागद, माती, छपाई आणि मुंबईतील खोलीचे भाडे हे सारे वेगळेच. तालुक्याच्या शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा देऊन आलेला मुलगा किंवा मुलगी आधीच घरच्यांचा विरोध पत्करून आलेली असते. ‘चित्रे काढून पोट भरणार का?’ या प्रश्नाला कमी शुल्क हेच काय ते एकमेव उत्तर तिच्याजवळ असते. कर्ज काढा, असे सुचविणाऱ्यांनी चित्रकाराचे उत्पन्न केव्हा सुरू होते आणि त्याचा हप्ता कोणत्या बँकेला बांधून देता येतो, हेही सांगावे.

मुंबईला निदान वर्तमानपत्रांचे लक्ष असते. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कलामहाविद्यालयांची नावे या साऱ्या चर्चेत अपवादानेच ऐकू आली. विदर्भ-मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना मुंबईचे भाडे टाळून शिकता येते ते तेथेच. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात विरोधी पक्षांनी एवढेच विचारावे: या महाविद्यालयांत मंजूर पदे किती, कायमस्वरूपी भरलेली किती आणि उरलेली कोणत्या तारखेपर्यंत भरणार?