कातीव भाषा आणि कातारी माणूस

मंडळी, निवृत्तीनंतर मी लेथवर लाकूड कातायला लागलो, तेव्हापासून आमच्या गोतावळ्यात मला एक नवी पदवी मिळाली आहे. "काका, तुम्ही तर आर्टिस्ट झालात!" असं पुतण्या फोनवर म्हणतो. ऐकायला बरं वाटतं, नाही कशाला म्हणू? पण या कौतुकात एक खोट आहे, ती आज सांगूनच टाकतो.

मी आंब्याच्या लाकडाचा वाडगा केला, की तो तुमच्या शोकेसमध्ये जातो. तेच काम पिढ्यान्पिढ्या करणारा माणूस जत्रेत लाटणी आणि भोवरे मांडून बसतो. त्याच्याशी मात्र तुम्ही दहा रुपयांसाठी घासाघीस करता. का हो? फरक एवढाच, की मला पेन्शन आहे आणि त्याला नाही. म्हणजे ज्याचं पोट त्यावर चालत नाही, त्याची ती कला आणि ज्याचं चालतं, त्याची ती मजुरी! हा न्याय मला मान्य नाही.

आपल्या भाषेला हा माणूस चांगला ठाऊक होता. लाकूड कातणारा तो कातारी. एखाद्याच्या लेखनाला आपण अजूनही "कातीव" म्हणून दाद देतो. शब्द ठेवून घेतला, माणूस विसरलो.

"त्यात एवढं काय कौशल्य?" असं विचारणाऱ्यांचा थोडा तास घेतो. (जुनी खोड!) ओलं लाकूड वाळताना टोकांकडून लवकर पाणी सोडतं, म्हणून तिथे तडे जातात. टोकांना मेण लावून ते महिनोन्महिने सावलीत ठेवावं लागतं. हत्याराला धार नसेल तर लाकूड कापलं न जाता ओरबाडलं जातं. कर्नाटकात चन्नपट्टणचे कारागीर काळ्या कुड्याचं खेळणं फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. हे पुस्तक वाचून येत नाही. माझ्या बी.ए.च्या पदवीचा इथे काडीचाही उपयोग नाही.

आपल्याकडे सावंतवाडीचं बघा. तिथली लाकडी फळं आणि खेळणी आपण कोकणातून हौसेने आणतो. हे करणाऱ्या चितारी मंडळींचीच दुसरी कला म्हणजे गंजिफा, हाताने रंगवलेले गोल पत्ते. ती लोप पावायला आली, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी वृद्ध पुंडलिक चितारींकडून ती शिकले. पुढे राजवाड्यातच कारागिरांना काम मिळालं. राजघराण्याने कारागिराला आधी गुरू मानलं, म्हणून ती कला टिकली.

आपण काय करतो? 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. आमच्या शाळांत मात्र परीक्षा जवळ आली, की "कार्यानुभवा"चा तास हमखास गणिताला जायचा. हाताचं काम दुय्यम, हे मुलं तिथेच शिकतात. मग कारागिराच्या मुलाने बापाचा धंदा का धरावा?

आता हिंजवडीच्या शेजारामुळे आमच्या नेऱ्यातही उंच इमारती झाल्या. तिथली मंडळी प्रेमाने वाडगा मागतात, अर्थात फुकट. आम्ही पेन्शनरांनी असे फुकट वाटले, तर कारागिराकडून विकत कोण घेणार?

असो. यापुढे माझी एकच अट. ज्याला माझा वाडगा हवा, त्याने आधी एखाद्या कातारी माणसाकडून सांगेल त्या भावाने लाटणं घ्यावं. नातेवाइकांनाही सूट नाही!