सातचा भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार लोकवस्तीचे, ऊसशेतीवर जगणारे गाव. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास या गावाने एक निश्चय केला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घराघरांतील दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल दीड तास बंद ठेवायचे. मुलांनी अभ्यासाला बसायचे आणि मोठ्यांनी वाचनात अथवा संवादात वेळ घालवायचा. हा निर्णय शासकीय परिपत्रकातून आला नव्हता. तो महिलांच्या ग्रामसभेत झाला. कोरोनाकाळात शाळा मोबाईलमध्ये शिरली आणि शाळांची दारे पुन्हा उघडली तरी मोबाईल मुलांच्या हातून सुटेना, ही व्यथा त्यामागे होती. हे जमेल का, अशी शंका प्रारंभी होतीच. परंतु आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर गेले, त्यांनी पालकांना समजावले आणि गावाने साथ दिली. या उपक्रमाचे खरे बळ भोंग्यात नव्हे, तर घरोघर गेलेल्या त्या पावलांत आहे.

या गावाकडे कौतुकाने पाहून थांबणे परवडणारे नाही. ‘असर’ अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील इयत्ता तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २७.१ टक्के आढळली. २०२२ मध्ये हेच प्रमाण २०.५ टक्के होते. सुधारणा आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. तरीही शंभरांतील त्र्याहत्तर मुले पटावर आहेत, पण वाचनात मागे आहेत. याचा सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे सोपे आहे. मूल दिवसाचे पाच-सहा तास शाळेत असते; उरलेले अठरा तास ते घराचे आणि गल्लीचे असते. त्या अठरा तासांचा जाब कोणी कोणाला विचारायचा?

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने शासकीय आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आवश्यक ठरवली. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे कामही याच समितीकडे सोपवलेले आहे. परंतु अनेक ठिकाणी बैठकीचे इतिवृत्त आधी लिहिले जाते आणि स्वाक्षऱ्या नंतर गोळा होतात. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा हक्क दिला, तसेच मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य म्हणूनही नोंदवले. हक्काचे कलम सर्वांच्या मुखी आहे. कर्तव्याचे कलम मात्र फारसे कोणाला आठवत नाही.

यात मध्यमवर्गानेही आत्मपरीक्षण करावयास हवे. शुल्क भरले, शिकवणी लावली आणि गुणपत्रिका पाहिली की आपले काम संपले, अशी धारणा सुशिक्षित घरांत रुजली आहे. आपल्या परंपरेने शिक्षणाकडे असे कधी पाहिले नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरुगृहातून निघणाऱ्या शिष्याला केलेल्या उपदेशात माता, पिता आणि आचार्य यांचा उल्लेख एकापाठोपाठ येतो. शिक्षण ही या तिघांची एकत्रित साधना आहे, हाच त्याचा बोध. महाराष्ट्रात निर्धन विद्यार्थी वार लावून जेवत आणि सात घरे मिळून एक मूल शिकवीत. त्या प्रथेला जातीची कुंपणे होती, हे मान्य केलेच पाहिजे. ती ओलांडण्याचे कार्य कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केले. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह उघडले आणि सर्व जातींची मुले एका पंक्तीत बसवली. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले.

आज कसोटी तिथेच आहे. आपल्या मुलाचा अभ्यास घेणे हा झाला कुटुंबधर्म. समाजधर्म त्यापुढे सुरू होतो. ऊसपट्ट्यातील गावात भोंगा वाजतो, तेव्हा फडाशेजारच्या कोपीत ऊसतोड कामगाराचे मूल धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेले असते. शहरात घरकाम करणाऱ्या भगिनीचे मूल एका खोलीच्या घरात पुस्तक कोठे उघडणार? ज्या घरात अक्षर वाचून दाखवणारे कोणी नाही, त्या घराचे उणे भरून काढणे हे समाजाचे दायित्व आहे.

त्यासाठी मोठ्या निधीची प्रतीक्षा नको. गणेशोत्सव मंडळाचे कार्यालय वर्षातील बहुतेक दिवस बंद असते. तिथे सायंकाळी अभ्यासिका चालू शकते. मंदिराचा सभामंडप आहे, निवृत्त शिक्षक आहेत, महाविद्यालयीन तरुण आहेत. स्वयंसेवकाने वस्तीतील पाच मुलांच्या वाचनाचे दायित्व घ्यावे. पालकाने शाळा समितीच्या बैठकीला स्वाक्षरीपुरते नव्हे, तर प्रश्न विचारण्यासाठी जावे. शिक्षकाने त्या प्रश्नांचे स्वागत करावे. भोंगा बाजारात विकत मिळतो. तो वाजताच स्वतःच्या हातातील मोबाईल आधी बाजूला ठेवणारे आई-वडील आणि शेजारच्या मुलालाही आपल्या दिव्याखाली बसवून घेणारे घर मात्र आपणच घडवावे लागते.